हल हाऊस

हल हाऊस हे अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील शिकागो शहरात १८ सप्टेंबर १८८९ रोजी सुरू झालेले समाजकेंद्र होते. जेन अ‍ॅडम्स (१८६०–१९३५) आणि एलेन गेट्स स्टार (१८५९–१९४०) या दोन सुशिक्षित मैत्रिणींनी स्थलांतरित कामगारांच्या दाट वस्तीत स्वतः राहायला जाऊन त्याची स्थापना केली. बालकमंदिर, वाचनालय, कलादालन, व्यायामशाळा, क्रीडांगण, संगीतशाळा, नाट्यगृह, प्रौढांचे वर्ग आणि सर्व वयोगटांची मंडळे असे अनेक उपक्रम येथे एकाच संस्थेच्या कारभाराखाली चालत. करमणूक हा फावल्या वेळचा चैनीचा भाग नसून ती कष्टकरी वस्तीची मूलभूत गरज आहे, या विचाराला अमेरिकेत मान्यता मिळवून देणाऱ्या संस्थांमध्ये हल हाऊसची गणना होते. मूळ वास्तुसमूहातील बहुतेक इमारती १९६० च्या दशकात विद्यापीठाच्या उभारणीसाठी पाडण्यात आल्या आणि संस्थेचे काम जानेवारी २०१२ मध्ये बंद पडले. मूळ घरात आज संग्रहालय आहे.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात औद्योगिक शहरांची लोकसंख्या झपाट्याने वाढली. कारखान्यांत काम करणारी कुटुंबे कोंदट चाळींत राहत होती. पाणी, स्वच्छता, शाळा आणि मोकळी जागा या सर्वच गोष्टींचा तेथे अभाव होता. सुखवस्तू वर्गाकडून अशा वस्त्यांना दानधर्म मिळे. परंतु देणारा आणि घेणारा यांच्यात प्रत्यक्ष ओळख क्वचितच असे.

या परिस्थितीत इंग्लंडमध्ये ‘सेटलमेंट’ नावाची चळवळ उदयाला आली. सेटलमेंट म्हणजे वस्तीत जाऊन स्थायिक होणे. सॅम्युएल बार्नेट आणि हेन्रिएटा बार्नेट या दांपत्याने १८८४ साली पूर्व लंडनमधील व्हाइटचॅपेल भागात टॉयन्बी हॉल ही संस्था काढली. विद्यापीठातील तरुणांनी गरीब वस्तीत शेजारी म्हणून राहावे, आपले ज्ञान तेथे न्यावे आणि तेथील जीवन स्वतः समजून घ्यावे, अशी तिची कल्पना होती. ब्रिटिश अमलातील हिंदुस्थानात ‘सेटलमेंट’ हाच शब्द तथाकथित गुन्हेगार जमातींना सक्तीने डांबून ठेवलेल्या वसाहतींसाठीही वापरला जात असे. त्याचा या चळवळीशी संबंध नाही.

जेन अ‍ॅडम्स यांचा जन्म इलिनॉयमधील सीडरव्हिल येथे झाला. रॉकफर्ड येथे शिकत असताना त्यांची एलेन स्टार यांच्याशी मैत्री झाली. उच्च शिक्षण घेतलेल्या मुलींना त्या काळी विवाहाखेरीज फारसे कार्यक्षेत्र खुले नव्हते, आणि या कोंडीचा अनुभव अ‍ॅडम्स यांनी स्वतः घेतला होता. १८८८ साली युरोपच्या प्रवासात त्यांनी टॉयन्बी हॉलला भेट दिली. तसे केंद्र आपल्या देशात काढण्याचा निश्चय करून त्या परतल्या.

स्थापना

शिकागोच्या पश्चिम भागात हॅल्स्टेड व पोक या रस्त्यांच्या कोपऱ्याजवळ चार्ल्स हल या व्यावसायिकाने १८५६ साली बांधलेले एक प्रशस्त घर होते. ते बांधले गेले तेव्हा हा भाग शहराच्या कडेला होता. पुढील तीस वर्षांत शहर वाढले आणि घराभोवती कामगारांची वस्ती दाटली. १८८९ मध्ये या घराच्या एका बाजूला दारूचा गुत्ता होता, तर दुसऱ्या बाजूला अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्याचे दुकान होते. अ‍ॅडम्स व स्टार यांनी प्रथम घराचा काही भाग भाड्याने घेतला. घराची वारसदार हेलन कल्व्हर हिने लवकरच संपूर्ण घर विनामूल्य वापरायला दिले. केंद्राला नाव मिळाले ते मूळ मालकाचे.

पहिल्या रात्री आवराआवरीच्या गडबडीत घराचा बाजूचा दरवाजा उघडाच राहून गेला होता आणि सकाळी सर्व काही जागच्या जागी होते, अशी आठवण अ‍ॅडम्स यांनी आपल्या आत्मकथनात नोंदवली आहे.

परिसरात इटालियन, ग्रीक, जर्मन, आयरिश, बोहेमियन तसेच रशिया व पोलंडमधून आलेली ज्यू कुटुंबे राहत होती. पुढे १९२० च्या दशकात मेक्सिकन कुटुंबांची त्यांत भर पडली. या लोकांच्या भाषा, धर्म आणि सणवार वेगवेगळे होते. एकमेकांना भेटण्यासाठी रस्ता, गुत्ता आणि आपापले प्रार्थनास्थळ यांपलीकडे त्यांना जागा नव्हती. ही जागा उपलब्ध करून देणे हे हल हाऊसचे पहिले काम ठरले.

कार्यक्रमांची घडण

सुरुवातीचे कार्यक्रम संस्थापिकांच्या स्वतःच्या आवडीचे होते. स्टार यांनी जॉर्ज इलियटच्या ‘रोमोला’ या कादंबरीचे वाचन सुरू केले. भिंतींवर युरोपातील चित्रांच्या प्रतिकृती लावल्या गेल्या. वस्तीची गरज मात्र लवकरच समोर आली. कामावर जाणाऱ्या आयांना लहान मुले सांभाळणारे कोणी हवे होते, म्हणून काही आठवड्यांतच दिवाणखान्यात बालकमंदिर भरू लागले. शाळा सुटल्यावर मोठी मुले येत. संध्याकाळी तरुण आणि प्रौढ मंडळी येत. एकच खोली सकाळी बालकमंदिराला, दुपारी मुलींच्या मंडळाला आणि रात्री वर्गाला वापरली जाई. पहिल्या काही वर्षांतच आठवड्याला सुमारे २००० लोक केंद्रात येऊ लागले.

जागा अपुरी पडू लागली तशी एकेक इमारत वाढत गेली. १८९१ साली व्यापारी एडवर्ड बटलर यांच्या देणगीतून कलादालन बांधले गेले आणि त्यातच शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाची वाचनखोली सुरू झाली. १८९३ मध्ये कॉफीगृह व व्यायामशाळा, तर १८९९ मध्ये नाट्यगृह उभे राहिले. मुलांच्या मंडळाची स्वतंत्र इमारत १९०६ च्या सुमारास झाली. १९०७ पर्यंत हा पसारा १३ इमारतींचा झाला होता. अ‍ॅलन व आयर्व्हिंग पॉन्ड या वास्तुविशारद बंधूंनी यांतील बहुतेक इमारतींचे आराखडे तयार केले.

सर्वच उपक्रम यशस्वी झाले नाहीत. बॉस्टनमधील एका नमुन्यावरून केंद्राने सार्वजनिक स्वयंपाकघर काढले होते. कामकरी कुटुंबांना कमी खर्चात पौष्टिक अन्न मिळावे, हा त्यामागील उद्देश होता. आहारशास्त्राच्या दृष्टीने अन्न उत्तम होते, पण शेजाऱ्यांनी ते फारसे घेतले नाही. प्रत्येक घराला आपापल्या देशाची चव हवी होती. त्याच जागेतील कॉफीगृह मात्र गजबजले, कारण दारू न घेता बसून गप्पा मारता येतील अशी दुसरी जागा परिसरात नव्हती. लोकांसाठी काय चांगले आहे हे ठरवण्याआधी लोकांना काय हवे आहे ते पाहिले पाहिजे, हा धडा या प्रसंगातून मिळाल्याचे अ‍ॅडम्स यांच्या लेखनात दिसते.

करमणूक व खेळ

हल हाऊसच्या शेजारी अत्यंत वाईट अवस्थेतील काही घरे होती. केंद्रात राहणाऱ्या फ्लॉरेन्स केली यांनी त्यांच्या मालकावर, विल्यम केंट यांच्यावर, जाहीर टीका केली. केंट यांनी स्वतः येऊन पाहणी केली आणि अखेर ती जागा केंद्राला वापरायला दिली. घरे पाडून १८९० च्या दशकाच्या पूर्वार्धात तेथे क्रीडांगण करण्यात आले. शिकागोतील हे पहिले सार्वजनिक क्रीडांगण मानले जाते. काही वर्षे ते केंद्राने चालवले आणि नंतर शहराच्या क्रीडांगण विभागाकडे सोपवले. उपक्रम स्वतः करून दाखवायचा, त्याची गरज सिद्ध झाली की तो सार्वजनिक यंत्रणेने चालवावा असा आग्रह धरायचा, ही पद्धत केंद्राने पुढेही अनेकदा अवलंबली. तळघरातील न्हाणीघरांना मिळालेला प्रतिसाद दाखवून परिसरात सार्वजनिक स्नानगृह बांधून घेण्यात आले, तेही याच मार्गाने.

व्यायामशाळेत मुलांप्रमाणेच मुलींसाठीही वेळ राखलेली असे. मुलींचे संघ बास्केटबॉल खेळत. मुलांच्या मंडळाच्या इमारतीत खेळांच्या जोडीला सुतारकाम व इतर कारागिरी शिकण्याची सोय होती. मंडळाचा स्वतःचा वाद्यवृंदही होता. पुढे जॅझ संगीतात जगप्रसिद्ध झालेला क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन लहानपणी या वाद्यवृंदात वाजवत असे. एलेनॉर स्मिथ यांच्या मार्गदर्शनाखाली १८९३ पासून चाललेल्या संगीतशाळेत वस्तीतील मुलांना पद्धतशीर शिक्षण मिळे.

अ‍ॅडम्स यांनी १९०९ साली ‘द स्पिरिट ऑफ यूथ अँड द सिटी स्ट्रीट्स’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. आधुनिक शहराने तरुणांच्या श्रमाची व्यवस्था लावली, पण त्यांच्या खेळाची व्यवस्था लावली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दिवसभर यंत्रापुढे राबणाऱ्या तरुणाला संध्याकाळी आनंद हवा असतो. शहराने तो दिला नाही तर नफ्यासाठी चालणारी नाचघरे आणि दारूचे गुत्ते तो विकतात. अशा तरुणांवर पुढे गुन्हेगारीचा शिक्का बसतो, तेव्हा दोष केवळ त्यांचा नसतो, असे प्रतिपादन त्यांनी केले. शिकागोच्या दक्षिण भागातील उद्यान मंडळाने १९०५ च्या सुमारास कामगार वस्त्यांत छोटी उद्याने आणि त्यांत व्यायामशाळा, सभागृह व वाचनखोली असलेल्या इमारती बांधल्या. महापालिकांकडून चालवल्या जाणाऱ्या आजच्या करमणूक केंद्रांचा हा एक आरंभ होय. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय क्रीडांगण संघटनेच्या कार्यातही अ‍ॅडम्स यांचा सहभाग होता.

नाटक, कला आणि श्रमसंग्रहालय

नाट्यगृह हे हल हाऊसचे अत्यंत लोकप्रिय अंग होते. १८९९ साली परिसरातील ग्रीक रहिवाशांनी ओडिसियसच्या गृहागमनाची कथा रंगभूमीवर आणली. फळे विकणारा आणि मजुरी करणारा ग्रीक माणूस एवढीच ज्यांची शहरात ओळख होती, त्यांच्या प्राचीन वारशाचे दर्शन इतर शिकागोकरांना या प्रयोगातून घडले. लॉरा डेन्टी पेलम यांच्या दिग्दर्शनाखालील हौशी नाट्यसंघाने शॉ, गॉल्सवर्दी यांच्यासारख्या समकालीन लेखकांची नाटके केली. हे नट दिवसा नोकरी करून रात्री तालमी करत.

१९०० साली सुरू झालेले श्रमसंग्रहालय स्थलांतरित कुटुंबांतील एका वेगळ्या प्रश्नातून निर्माण झाले. मुले अमेरिकन शाळांत जाऊन इंग्रजी बोलू लागली होती. डोक्याला रुमाल बांधणाऱ्या, गावाकडची बोली बोलणाऱ्या आईवडिलांची त्यांना लाज वाटू लागली होती. संग्रहालयात सूतकताई, विणकाम, कुंभारकाम अशा पारंपरिक कला स्थलांतरित स्त्री-पुरुष स्वतः करून दाखवत. आपल्या खेडवळ आईबरोबर केंद्रात येणे टाळणाऱ्या एका इटालियन मुलीची हकीकत अ‍ॅडम्स यांनी लिहिली आहे. आईच्या सूतकताईचे जाणकार पाहुण्यांनी केलेले कौतुक तिने ऐकले आणि त्यानंतर ती आईसोबत एकाच दाराने आत येऊ लागली.

१९२० च्या दशकात नीव्हा बॉइड यांनी येथे करमणूक-कार्यकर्त्यांसाठी प्रशिक्षण वर्ग चालवले. समूहखेळ, लोकनृत्य व नाट्यखेळ यांतून मुलांमध्ये सहकार्य व आत्मविश्वास कसा वाढतो, याचे शिक्षण त्यांत दिले जाई. त्यांची विद्यार्थिनी व्हायोला स्पोलिन हिने पुढे याच खेळांतून उत्स्फूर्त अभिनयाची पद्धत विकसित केली आणि १९६३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. शिकागोतील ‘सेकंड सिटी’ या प्रसिद्ध विनोदी नाट्यसंस्थेच्या संस्थापकांपैकी पॉल सिल्स हा तिचा मुलगा होता.

कारभार आणि अर्थव्यवस्था

हल हाऊसचा कारभार तीन स्तरांवर चालत असे. १८९५ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी होऊन विश्वस्त मंडळ अस्तित्वात आले. मालमत्ता व निधी यांची जबाबदारी त्याच्याकडे होती. शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई हे सुरुवातीच्या विश्वस्तांपैकी एक होते. दुसरा स्तर निवासी कार्यकर्त्यांचा होता. हे कार्यकर्ते केंद्रातच राहत, आपला राहण्याजेवणाचा खर्च स्वतः भरत आणि बहुतेक जण बाहेर नोकरीही करत. नव्या कार्यकर्त्याला काही आठवडे परीक्षाकाळ असे आणि त्यानंतर इतर निवासी त्याला ठेवायचे की नाही ते ठरवत. त्यांच्या सभेत उपक्रमांची आखणी होई. तिसरा स्तर मंडळांचा होता. प्रत्येक मंडळ आपले पदाधिकारी निवडे, वर्गणी ठरवे आणि कार्यक्रम आखे. सभा चालवणे, हिशेब ठेवणे आणि मतभेद असूनही निर्णय घेणे यांचा सराव वस्तीतील अनेकांना प्रथम येथेच मिळाला.

मंडळांच्या स्वायत्ततेचे ठळक उदाहरण म्हणजे नोकरदार तरुणींचे ‘जेन क्लब’ हे सहकारी वसतिगृह. संप झाला की मुलींना खोलीचे भाडे भरता येत नसे आणि त्या भीतीने संपाची एकजूट मोडे. यावर उपाय म्हणून १८९१ मध्ये हा क्लब सुरू झाला. हल हाऊसने पहिल्या महिन्याचे भाडे व सामान दिले आणि त्यानंतर क्लब सदस्यांच्या वर्गणीवर चालला. तिसऱ्या वर्षाअखेर सदस्यसंख्या ५० वर गेली होती.

निधीचा प्रश्न कायम होता. आरंभी अ‍ॅडम्स यांनी वडिलोपार्जित संपत्तीतून खर्च केला. पुढे मेरी रोझेट स्मिथ व लुईज डी कोव्हन बोवेन या श्रीमंत स्त्रियांनी मोठा वाटा उचलला. बोवेन यांनी अनेक वर्षे कोषाध्यक्षपद सांभाळले, इमारतींसाठी देणग्या दिल्या आणि वस्तीतील मुलांना उन्हाळ्यात मोकळ्या हवेत राहता यावे म्हणून १९१२ साली शहराबाहेर वॉकिगन येथे ७२ एकर जागा उपलब्ध करून दिली. वर्गणी, खोल्यांचे भाडे आणि कॉफीगृहाची विक्री यांतूनही काही उत्पन्न येई.

देणगी स्वीकारताना केंद्राला निवड करावी लागे. जेन क्लबच्या इमारतीसाठी २०,००० डॉलर देण्याची तयारी एका धनिकाने दाखवली होती. आपल्या आस्थापनेत मुलींना अत्यल्प वेतन देण्याबद्दल तो कुप्रसिद्ध होता. कामकरी मुलींच्या वसतिगृहासाठी असा पैसा घेणे उचित नाही, या विचाराने ही देणगी नाकारण्यात आली. इमारत पुढे दुसऱ्या निधीतून १८९८ साली झाली.

करमणुकीकडून कायद्याकडे

केंद्रातील पहिल्या नाताळात मुलींना मिठाई वाटण्यात आली, तेव्हा काही लहान मुलींनी ती घेतली नाही. त्या मिठाईच्या कारखान्यात कामाला होत्या. सणाच्या हंगामात सहा आठवडे सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत काम करून त्यांना मिठाई पाहणेही नकोसे झाले होते. ज्या मुलांना खेळायला वेळच नाही त्यांच्यासाठी क्रीडांगण पुरेसे नाही, हे अशा प्रसंगांतून कार्यकर्त्यांच्या लक्षात आले.

१८९१ अखेर केंद्रात राहायला आलेल्या फ्लॉरेन्स केली यांनी घरोघरी चालणाऱ्या शिलाईच्या कामाची पाहणी केली. तिचा उपयोग होऊन १८९३ मध्ये इलिनॉयमध्ये कारखाना कायदा झाला. त्यात १४ वर्षांखालील मुलांना कारखान्यात ठेवण्यास बंदी आणि स्त्रियांसाठी दिवसाला आठ तासांच्या कामाची मर्यादा होती. केली राज्याच्या पहिल्या मुख्य कारखाना निरीक्षक झाल्या. आठ तासांची तरतूद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९५ मध्ये रद्द ठरवली. त्याच वर्षी ‘हल हाऊस मॅप्स अँड पेपर्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. परिसरातील प्रत्येक घराचे राष्ट्रीयत्व व उत्पन्न नकाशांवर रंगांनी दाखवणारी ही पाहणी अमेरिकेतील नागरी समाजशास्त्राच्या आरंभीच्या अभ्यासांपैकी एक मानली जाते.

केंद्राच्या महिला मंडळाने परिसरातील गल्ल्या फिरून कचऱ्याबाबत दोन महिन्यांत हजाराहून अधिक तक्रारी आरोग्य खात्याकडे नोंदवल्या. १८९५ मध्ये अ‍ॅडम्स यांची प्रभागाच्या कचरा निरीक्षक म्हणून नेमणूक झाली आणि त्या पहाटे कचऱ्याच्या गाड्यांमागे फिरू लागल्या. १८९९ मध्ये शिकागोत देशातील पहिले बाल न्यायालय स्थापन झाले. त्यामागे ज्युलिया लॅथ्रॉप व केंद्रातील इतर स्त्रियांचे प्रयत्न होते. लॅथ्रॉप १९१२ मध्ये केंद्र सरकारच्या बालक विभागाच्या पहिल्या प्रमुख झाल्या. व्यवसायजन्य रोगांच्या अभ्यासाचा अमेरिकेत पाया घालणाऱ्या डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन याही येथील निवासी होत्या. अ‍ॅडम्स यांना शांततेच्या कार्यासाठी १९३१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन महिला होत.

टीका व मर्यादा

हल हाऊसवर दोन्ही बाजूंनी टीका झाली. कामगार संघटनांना सभांसाठी जागा दिल्यामुळे उद्योजक त्याला बंडखोरांचा अड्डा म्हणत. उलट, श्रीमंतांच्या देणग्यांवर चालणारे केंद्र मूलभूत बदल घडवू शकणार नाही, असे जहाल गटांचे मत होते. केंद्रात धार्मिक शिक्षण दिले जात नसे, याबद्दल काही धर्मगुरूंचा आक्षेप होता.

वर्णभेदाबाबतची मर्यादा अधिक गंभीर आहे. अ‍ॅडम्स या १९०९ साली सुरू झालेल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीच्या राष्ट्रीय संघटनेच्या संस्थापक सदस्यांपैकी होत्या. तरीही केंद्राचे काम दीर्घकाळ मुख्यतः युरोपीय स्थलांतरितांपुरते राहिले. परिसरात आफ्रिकन-अमेरिकन वस्ती वाढू लागल्यावरही करमणुकीच्या कार्यक्रमांत आणि उन्हाळी शिबिरांत त्यांना सहज प्रवेश नव्हता.

स्थलांतर आणि अखेर

अ‍ॅडम्स यांच्या निधनानंतर संस्थेची धुरा पगारी संचालकांकडे गेली. १९६१ मध्ये शहराने इलिनॉय विद्यापीठाच्या नव्या शिकागो संकुलासाठी हाच परिसर निवडला. हजारो रहिवाशांना घरे सोडावी लागणार होती. लहानपणी हल हाऊसच्या कार्यक्रमांत वाढलेल्या फ्लॉरेन्स स्काला यांनी विरोधाचे नेतृत्व केले. शतकाच्या आरंभापासून केंद्रात राहणाऱ्या वृद्ध जेसी बिनफर्ड त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. विश्वस्त मंडळाने मात्र जागा विकण्यास संमती दिली. न्यायालयीन लढा अयशस्वी ठरून १९६३ मध्ये केंद्र तेथून हलले. तेरा इमारतींपैकी फक्त मूळ घर आणि निवासींचे भोजनगृह राखण्यात आले. १९६५ मध्ये मूळ घराला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला आणि १९६७ मध्ये तेथे संग्रहालय सुरू झाले.

यानंतर संस्था शहरभर विखुरलेल्या केंद्रांतून काम करू लागली. बालसंगोपन, घरगुती हिंसाचारातील पीडितांना मदत, रोजगार प्रशिक्षण अशा सेवा तिने दिल्या. अखेरच्या काळात वर्षाला सुमारे ६०,००० लोकांना त्यांचा लाभ मिळत होता. कामाचे स्वरूप मात्र बदलले होते. निवासी कार्यकर्त्यांची पद्धत संपली होती आणि उत्पन्नाचा बहुतांश भाग सरकारी करारांतून येत होता. आर्थिक मंदीनंतर सरकारी निधी घटला, खाजगी देणग्या त्याची भरपाई करू शकल्या नाहीत आणि कर्ज वाढत गेले. २७ जानेवारी २०१२ रोजी संस्था बंद झाली. सुमारे ३०० कर्मचाऱ्यांना याची सूचना अगदी अल्प मुदतीत मिळाली.

स्वतःच्या परिसरापासून तुटणे आणि एकाच प्रकारच्या निधीवर विसंबणे ही या अखेरीची दोन प्रमुख कारणे म्हणून सांगता येतात. पहिल्या पिढीत केंद्राकडे पैसा पुष्कळ होता असे नाही. पण देणगीदार, वर्गणीदार, विनावेतन कार्यकर्ते आणि शेजारी असे अनेक आधार होते. त्यांपैकी एक डळमळला तरी काम चालू राहत असे.

भारताशी संबंध

जेन अ‍ॅडम्स १९२३ मध्ये जगप्रवासात भारतात येऊन गेल्या. सेटलमेंटच्या कल्पनेचा मुंबईशी अधिक थेट संबंध आला तो डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्यामुळे. शिकागो विद्यापीठात शिकलेले मॅन्शार्ट १९२५ मध्ये अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आले. १९२६ मध्ये त्यांनी भायखळ्याजवळील नागपाडा या दाट श्रमिक वस्तीत ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ हे केंद्र स्थापन केले. या कामाच्या अनुभवातून प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांची गरज स्पष्ट झाली आणि टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक होते आणि तिचे आरंभीचे वर्ग नागपाड्यातच भरत. हीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था होय.

गिरणगावात याच प्रकारचे काम आधीपासून चालू होते. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. तिच्यामार्फत कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालये व करमणुकीचे उपक्रम चालवले गेले. परळचे दामोदर नाट्यगृह याच संस्थेचे. गिरणी कामगारांच्या हौशी रंगभूमीला त्याने मोठा आधार दिला. मुंबई राज्यात १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्याने कल्याण केंद्रे चालवण्याची व्यवस्था झाली. महाराष्ट्रातील कामगार कल्याण केंद्रांमधील वाचनालये, शिवणवर्ग, शिशुमंदिरे आणि कामगार नाट्यस्पर्धा या व्यवस्थेतून चालत आल्या आहेत.

वारसा

क्रीडांगण, वाचनखोली, बालकमंदिर, सार्वजनिक व्यायामशाळा या गोष्टी आज नागरी सेवांचा भाग समजल्या जातात. हल हाऊसने त्या सुरू केल्या तेव्हा त्या कोणाच्याच जबाबदारीत मोडत नव्हत्या. शेजाऱ्यांनी काय वापरले आणि काय नाकारले, यावरून कार्यक्रम बदलत नेण्याची तेथील पद्धत समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आजही शिकवली जाते. करमणूक आणि हक्क यांची सांगड हे त्या पद्धतीचे वैशिष्ट्य होते. संध्याकाळी नाटकाच्या तालमीला येणाऱ्या मुलीचा दिवस कारखान्यात कसा जातो, हा प्रश्न केंद्राने आपल्या कामाबाहेरचा मानला नाही.